प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण

वर्कशॉपच्या दारातच विभागातल्या हंगामी सहायक घाणेकरने माझ्या हातावर पेढा ठेवला. "भाटकर मॅडम, अगदी वेळेवर आलात. आरती व्हायचीच आहे."

चेन्नईची परिषद उरकून, गाडीत अंग आंबवून मी स्टँडवरून थेट विभागात आले होते. खांद्यावर बॅग, अंगावर कालचाच ड्रेस. त्या दिवशी खंडेनवमी आहे हे मी साफ विसरले होते. आमच्या यंत्र अभियांत्रिकी विभागात एरवी कशाचा पत्ता नसायचा, पण खंडेनवमी मात्र दणक्यात व्हायची. लेथ, मिलिंग, ड्रिल, झाडून सगळी यंत्रं बंद ठेवायची, गंज दिसेल तिथे पॉलिश पेपर मारायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि हळदकुंकू वाहून झेंडूच्या माळा घालायच्या. जे प्राध्यापक वर्षभर वर्कशॉपच्या वाटेला फिरकत नसत, ते त्या दिवशी ठेवणीतले कुर्ते घालून पहिल्या रांगेत उभे राहत.

पेढा तोंडात टाकून मी गर्दीतून पुढे सरकले. मधल्या टेबलावर पांढरी चादर घालून मोजमापाची हत्यारं, पाने, हातोड्या मांडल्या होत्या. त्यांच्या मागे फळ्यांच्या पायऱ्या केल्या होत्या आणि त्यांवर, लग्नातल्या रुखवतासारख्या, वहीएवढ्या लोखंडी प्लेटा ओळीने उभ्या होत्या. आरशासारख्या चकचकीत. प्रत्येकीवर कुंकवाचं बोट.

मला वाटलं, पहिल्या वर्षाच्या मुलांनी केलेले नमुने असतील. छान घासलेत, असंसुद्धा मनात आलं. मग एका प्लेटेच्या कोपऱ्यात ठोकून उमटवलेला आकडा दिसला. तो आकडा मी स्वतः ठोकला होता.

मी वाकून शेजारच्या प्लेटा बघितल्या. सगळ्यांवर माझेच आकडे.

या प्लेटा म्हणजे माझी पीएचडी होती. काजूच्या टरफलांच्या तेलापासून मी एक रंग बनवला होता. आमच्याकडे काजूचे कारखाने गल्लोगल्ली आणि टरफलांचे ढीग रस्त्याकडेला. त्या टरफलांतून लोखंड वाचवणारा रंग निघाला तर खाडीतल्या होड्यांचे पत्रे, जेट्टीचे कठडे, सगळ्यालाच स्वस्तात कवच मिळणार होतं. रंग टिकतो का, हे बघायचा एकच सरळ मार्ग होता. प्लेटांना रंग द्यायचा, त्यावर मुद्दाम एक चरा ओढायचा आणि समुद्राकडे तोंड करून त्या गच्चीवर ठेवून द्यायच्या. चऱ्यातून गंज शिरतो. तो रंगाखाली किती पसरतो ते वर्षावर्षाला मोजायचं. असं तीन वर्षं करायचं होतं. दोन मापं झाली होती, शेवटचं दिवाळीनंतर घ्यायचं होतं. थोडक्यात, त्या प्लेटांवरचा गंज हेच माझं संशोधन होतं, आणि तो आता रंगासकट कुणाच्या तरी घासकामात पॉलिश पेपरवर निघून गेला होता.

"बघितलंत मॅडम?" मागून शिगवणमामांचा आवाज आला. चारचौघांत ते मला मॅडम म्हणत, एरवी बाय. "दोन दिस बसून घासल्या. बफ मारला. तोंड बघा त्यात."

रामजी शिगवण वर्कशॉपमध्ये अटेंडंट होते. विभागाची इमारत बांधताना विटा वाहायला आले आणि तिथेच राहिले. तीन वर्षं माझ्या प्लेटा त्यांनीच सांभाळल्या होत्या. गच्चीवर मुलं सिगारेटी ओढायला गेली की मामा काठी घेऊन वर. 'हात लावू नये' असा बोर्ड मी लावला होता, पण खरा बोर्ड तेच होते. एकदा तर खुद्द कुलसचिवांना त्यांनी प्लेटेवर बोट फिरवू दिलं नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांना ऐकू गेलं नाही. घंटा सुरू झाली होती. निमकर सरांनी तबक हातात घेतलं. डॉ. शशिकांत निमकर हे आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. त्यांनी लेथला ओवाळलं, मिलिंगला ओवाळलं आणि मग माझ्या प्लेटांपुढे येऊन जरा थबकले. नजर वर उचलून त्यांनी मला बघितलं. मग प्लेटांनाही ओवाळलं. घाणेकरने फोटो काढला.

मी पुढे होऊन एक प्लेट उचलली. आरती चालू असताना असं करतात का, म्हणून बायका कुजबुजल्या. प्लेट तेलाने निसटत होती. चरा कुठे होता तेसुद्धा कळत नव्हतं.

---

आरती झाल्यावर मी मामांना गच्चीवर घेऊन गेले. रिकामे सांगाडे समुद्राकडे तोंड करून उभे होते. वारा सुटला होता.

"मामा, हे का केलंत?"

त्यांचा चेहरा उतरला. मी खूश होऊन काहीतरी बोलेन, निदान हसेन तरी, अशी त्यांची अपेक्षा असणार. "काय चुकलं काय गो, बाय?"

"प्लेटा घासायच्या नव्हत्या. त्यांवरचा गंज मोजायचा होता मला. तुम्हाला माहीत होतं ना हे?"

"म्हायत व्हतं म्हनून तर तीन वर्सं कुनाला हात लावू दिला नाय. पन तुजं काम झालं ना आता?"

"कुणी सांगितलं झालं म्हणून?"

"छापून आलंय."

मला समजेना. मामांनी मला जिन्यावरून खाली नेलं, वर्कशॉपच्या दाराशी. तिथल्या फलकावर आमच्या विभागाच्या वार्तापत्राचा, 'यंत्रवेध'चा, ताजा अंक चिकटवला होता. हा अंक दर तिमाहीला निघायचा. कुणाचा लेख छापून आला, कुणी कुठे भाषण दिलं, कुठलं नवं यंत्र आलं, असल्या बातम्या. प्राध्यापक आपलं नाव शोधून अंक टाकून देत. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे विभागात एकटे मामाच. चहाच्या वेळी ते फलकापुढे उभे राहायचे, खिशातला चष्मा काढून नाकावर चढवायचे आणि मोठ्याने वाचायचे. बाकीचे कामगार भोवती बसून ऐकायचे. मामा चौथी शिकलेले. ओळीखाली बोट धरून वाचत, पण एक अक्षर सोडत नसत. अवघड शब्द आला की थांबत, पुन्हा घेत आणि जमला की ऐकणाऱ्यांकडे एकवार बघून पुढे जात. मुलं, मास्तर, येणारेजाणारे सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं.

आताही त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवलं.

"का-जू-कवच-तेला-धा-रित... तेलाधारित गंज-रोधक लेपनाचा त्रैवार्षिक प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण. विभागप्रमुख डॉ. शशिकांत निमकर यांच्या मार्गदर्शनाखाली कुमारी नीलाक्षी भाटकर यांनी..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुजं नाव हाय. बघ."

मी बघितलं. माझं नाव होतं. मी चेन्नईत होते तेव्हा अंक निघाला होता.

"मना वाटलं, काम फत्ते झालं. तू नव्हतीस. पोरीच्या प्लेटा गंजून पडल्यात, खंडेनवमीला त्यांचीबी पूजा होऊ दे. परत येशील तर तुला बरं वाटंल." ते चष्मा काढून पुसायला लागले. "तुजा बोर्ड नीट ठेवलाय. कपाटात."

मी त्यांना काय बोलणार होते? छापलेलं खोटं असू शकतं, हे त्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायची वेळ माझ्यावर आली होती.

"मामा, काम अजून राहिलं होतं," एवढंच म्हटलं.

त्यांनी पुन्हा त्या बातमीवर बोट ठेवलं. "मग हे कुनी लिवलं?"

---

ते कुणी लिहिलं हे मला माहीत होतं. मी तशीच निमकरांच्या खोलीत गेले. आत जायला परवानगी मागितली नाही.

"बस. पाणी घे," ते म्हणाले. निमकर कधी आवाज चढवत नसत. चिडणं हे त्यांना गावंढळपणाचं वाटे.

"सर, प्रयोग पूर्ण झाला असं तुम्ही छापलंत?"

"छापावं लागलं. सोमवारी मूल्यांकन समिती येतेय. 'चालू आहे' असे आपल्याकडे डझनभर प्रयोग आहेत, नीलाक्षी. 'पूर्ण झाला' असा एकही नाही." त्यांनी पेपरवेट फिरवला. "दिवाळीनंतर तो पूर्ण होणारच होता. बातमी थोडी आधी आली, इतकंच."

"आणि यशस्वी?"

"यशस्वी होणारच होता."

"ऑगस्टात रंगाला फोड यायला लागले होते. मी तुम्हाला गच्चीवर नेऊन दाखवले होते."

"काही प्लेटांवर."

"काहींवरच येतात की सगळ्यांवर, तेच तर तिसऱ्या वर्षी कळणार होतं. खाडीवरचे लोक दर महिन्याला विचारतात मला, ताई, रंग लावू का होडीला? त्यांना काय सांगू?"

निमकरांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "शांतपणे ऐक. दोन वर्षांची मापं आहेत तुझ्याकडे. आलेख तयार आहे. तिसरा बिंदू कुठे पडणार हे अनुभवाने कुणालाही सांगता येईल. तो मांड. सोमवारी समितीपुढे दहा मिनिटं बोल. डिसेंबरात प्रबंध दे. विषय संपला."

"तिसरा बिंदू कुठे पडणार हे मला माहीत नाही, सर. माहीत असतं तर तीन वर्षं गच्चीवर उन्हात कशाला बसले असते?"

"मग मला दुसरा मार्ग राहत नाही," ते तितक्याच मऊपणे म्हणाले. "वर्कशॉपच्या हलगर्जीपणामुळे प्रयोगाची हानी झाली, असं लिहावं लागेल. शिगवणवर कारवाई होईल. डिसेंबरात निवृत्त होतोय तो. शेवटी शेवटी उगाच डाग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "प्लेटा त्यांनी तुमच्या बातमीमुळे घासल्या!"

"बातमीने लोखंड घासलं जात नाही."

"मी समितीला खरं काय ते सांगणार."

त्यांनी मान डोलावली. जणू मी रजेचा अर्ज दिला होता. "सांग. तुझा अधिकार आहे तो."

तेव्हा मला वाटलं, माणूस घाबरला. बाहेर येताना मी ताठ मानेने आले. माझं सगळं पणाला लागलं होतं हे मला कळत होतं. नोंदणीची मुदत त्या वर्षअखेर संपत होती. मुदतवाढ निमकरांच्या सहीशिवाय मिळत नव्हती. घरी आईने माझ्या नावापुढचं 'डॉक्टर' केव्हाच वापरायला सुरुवात केली होती, शेजारणीला सांगताना. पण खरं बोलले तर मामा सुटतात आणि प्रयोग पुन्हा सुरू करायला वेळ मिळतो, असा माझा साधा हिशोब होता. बातमी फलकावर होती. ती मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस होता. त्याला वाचताना ऐकलेले पन्नास लोक होते. आणखी काय पुरावा हवा?

मामांशी त्यानंतर मी या विषयावर बोलले नाही. त्यांच्या जिवाला आणखी घोर कशाला, असं म्हटलं. निमकर मात्र त्यांच्याशी बोलतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

---

सोमवारी सभागृहात जाजम घातलं होतं. समितीत तिघे बाहेरचे, अध्यक्ष एक निवृत्त कुलगुरू. स्वच्छ, गोरेगोमटे, पिकल्या केसांचे गृहस्थ. सगळ्यांना 'बाळ' म्हणणारे. आमचे सगळे प्राध्यापक भिंतीकडच्या खुर्च्यांवर, घाणेकर दिवे लावाय-विझवायला. निमकरांनी पडद्यावर विभागाच्या बातम्या दाखवल्या. माझ्या प्लेटांचा आरतीचा फोटोसुद्धा आला. 'परंपरा आणि संशोधन यांचा संगम' असं त्याखाली लिहिलं होतं.

"हा काजूच्या तेलाचा प्रयोग रंजक आहे," अध्यक्ष म्हणाले. "कुणी केलाय? बाळ, सांग बरं दोन शब्द."

मी उभी राहिले. मी सगळं सांगितलं. प्रयोग पूर्ण झालेला नाही. यशस्वी तर नाहीच नाही, म्हणजे तो यशस्वी की अयशस्वी हे आता कुणालाच कळणार नाही. पूर्ण झाल्याची खोटी बातमी छापली गेली. ती वाचून वर्कशॉपच्या शिगवणमामांनी काम संपलं असं समजून पूजेसाठी प्लेटा घासल्या. त्यांचा यात काडीचा दोष नाही.

अध्यक्षांनी निमकरांकडे बघितलं.

निमकर उठले. चेहऱ्यावर राग नाही, उलट काळजी. "मुलगी हुशार आहे, सर. पण नोंदणीची मुदत संपत आलीय, ताण आहे तिच्यावर. मी काही बोलणं बरं दिसणार नाही. शिगवण बाहेरच आहेत. आपणच विचारा."

बाहेरच आहेत? त्यांना कुणी बोलावलं होतं?

मामा आत आले. अंगावर नवा टेरिकॉटचा सदरा, इस्त्रीच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. माझी नजर त्यांच्या खिशाकडे गेली. खिसा सपाट होता. त्यात चष्मा नव्हता. खिशात चष्मा नाही असं मामांना मी कधी पाहिलं नव्हतं.

"या. बसा," अध्यक्ष म्हणाले. मामा बसले नाहीत. अध्यक्षांनी 'यंत्रवेध'चा अंक पुढे केला. "या अंकातली बातमी वाचून तुम्ही प्लेटा घासल्यात, असं या मॅडम म्हणतात. खरं का?"

मामांनी अंक हातात घेतला नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा निमकरांकडे.

"नाय, सायेब."

"नाही?"

"मना वाचता येत नाय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"अजिबात?" अध्यक्षांनी विचारलं.

"सही येते. तेवढीच."

"मग प्लेटा का घासल्या?"

"खंडेनवमी व्हती. गंजलेलं लोखंड देवापुढं कसं ठेवनार? माज्या मनानंच केलं. मना कुनी काय सांगितलं नाय." बोलताना ते खाली बघत होते. पाठ केलेलं म्हणून झालं होतं बहुतेक. मग एकदम मान वर करून म्हणाले, "पोरीचा काय दोष नाय, सायेब. तिला आनखी मुदत द्या. मना काय ती शिक्षा करा."

"ते वाचतात!" मी ओरडले. "रोज वाचतात. मोठ्याने वाचतात. या सगळ्यांनी ऐकलंय." मी भिंतीकडच्या खुर्च्यांकडे वळले. "घाणेकर, तुम्ही ऐकलंयत. तुम्ही त्यांना नवा अंक स्वतः नेऊन देता, मामा पहिले वाचक म्हणून. सांगा ना!"

घाणेकर प्रोजेक्टरच्या वायरशी काहीतरी करत राहिला. बाकीचे सगळे मूग गिळून बसले होते. त्यांतल्या काहींच्या नेमणुका कायम व्हायच्या होत्या, काहींच्या बढत्या. प्रत्येकाचं काही ना काही निमकरांच्या सहीत अडकलेलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत रागसुद्धा नव्हता, कीव होती. वर्कशॉपातला खाली मान घातलेला म्हातारा म्हणतोय मला वाचता येत नाही, तर त्यावर विश्वास ठेवायला त्यांना क्षणाचाही वेळ लागला नाही. त्याला वाचता येतं, असं मी सांगत होते, तेच त्यांना अशक्य वाटत होतं.

"बाळ, अपयश येतं माणसाला," ते म्हणाले. "पण त्यासाठी एका निरक्षर माणसाच्या नावावर गोष्टी रचायच्या? आणि आपल्या गुरूवर आरोप? बस खाली."

मी बसले नाही. बॅग उचलून बाहेर निघून गेले.

---

मामा वर्कशॉपमागच्या नळाशी सापडले. तोंडावर पाणी मारत होते. मला बघून त्यांनी नव्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि घाईघाईने जवळ आले. मी त्यांच्यावर ओरडायलाच आले होते. का केलंत असं, कुणासाठी केलंत, सगळं जिभेवर तयार होतं.

"बराबर बोललो ना गो?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या तोंडावर भीती होती, पण तिच्याखाली कसलीशी आशाही होती. शाळेत उत्तर देऊन आलेल्या पोराची असते तशी.

"निमकर सर काल घरी आलेले," ते हळूच म्हणाले. "माज्या घरी. चटईवर बसले. बोलले, बातमी वाचून केलंस असं सांगितलंस तर प्रयोग अर्धवट व्हता हे उघडं पडंल, मग त्या पोरीचं नाव विद्यापीठातून कापतील. मनानं केलं, वाचता येत नाय, असं बोललास तर ती सुटंल. तिला वर्स वाढवून मिळंल, मी सही करतो, बोलले. मी इचारलं, तिला सांगू काय? बोलले, नको, ती मानी हाय, तुला बोलू द्यायची नाय." ते थांबले. "तसं तू लय मानी हायेस. आत ओरडलीस ती. मी घाबरलो, वाटलं, आता मोडतंय सगळं."

हा माणूस मला वाचवायला आत आला होता. मी त्यांना वाचवायला उभी राहिले होते. आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही, एवढ्यावर निमकरांचं काम झालं होतं.

"चौथीत गुर्जींनी पाठीवर हात ठेवलेला माज्या, वाचन चांगलं म्हनून," मामा म्हणाले आणि कसंनुसं हसले. "आज जड गेलं बोलायला. पन तुजं काम झालं ना? मिळंल ना वर्स?"

मी त्यांना खरं सांगू शकले असते. सभागृहात खरं सांगून काय झालं होतं ते मी नुकतंच बघितलं होतं.

"होय, मामा," मी म्हटलं. "बरोबर बोललात."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग खांदे सैल सोडून नळ बंद केला.

---

मुदतवाढीच्या अर्जावर निमकरांनी सही केली नाही. विभागाची बदनामी करणाऱ्या विद्यार्थिनीची शिफारस करणं तत्त्वात बसत नाही, असं त्यांनी मला त्याच मऊ आवाजात सांगितलं. माझी नोंदणी संपली. आज मी एका जहाजदुरुस्तीच्या गोदीत रंगतपासणीचं काम करते. दुसऱ्यांनी लावलेल्या रंगाला कुठे फोड आलेत ते बघते आणि खरं असेल ते लिहिते. आई गेली तोपर्यंत शेजारणीला 'डॉक्टर'च सांगत होती. त्या काजूच्या रंगाचं तिसऱ्या वर्षी काय झालं असतं, हे मला अजूनही माहीत नाही. विभागाच्या संकेतस्थळावर मात्र ती बातमी अजून आहे. प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण. खाली माझं नाव.

निमकरांना मी क्षमा केलेली नाही. करायची इच्छाही नाही. पण रात्री डोळ्यांपुढे येतात ते निमकर नव्हेत.

डिसेंबरात मी प्रयोगशाळेतलं सामान न्यायला शेवटची विभागात गेले होते. मामांच्या सेवापुस्तकात ठपका पडला होता आणि निरोपसमारंभ रद्द झाला होता. त्यांचे शेवटचे दिवस होते ते. त्यांना अजून वाटत होतं की मला वर्ष मिळालंय. सामान दुसऱ्या खोलीत हलवतेय, असं मी त्यांना सांगितलं.

चहाची वेळ झाली होती. फलकावर 'यंत्रवेध'चा नवा अंक लागला होता. कामगार नेहमीच्या जागी बसले होते, पण फलकापुढची जागा रिकामी होती. मामा चार पावलं मागे, दाराच्या चौकटीशी उभे होते. दोन्ही हात मागे बांधलेले. समितीपुढे जो माणूस वाचता येत नाही असं बोलला, तो फलकाशी उभा राहून वाचताना कुणाला दिसला असता तर माझं वाढवून मिळालेलं वर्ष गेलं असतं, अशी त्यांची समजूत होती. त्या सोमवारनंतर ते कधीच फलकापुढे उभे राहिले नाहीत, हे मला नंतर कळलं.

पहिल्या वर्षाची एक मुलगी तिथून चालली होती. मामांनी तिला हाक मारली.

"काय लिवलंय गो त्यात? जरा वाचून दाखव."

मुलीने भराभर वाचलं. समितीने विभागाच्या संशोधनाचं कौतुक केलं. डॉ. निमकर यांची विद्यापीठाच्या संशोधन मंडळावर निवड झाली. श्री. घाणेकर यांची नेमणूक कायम झाली. मामा मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांची नजर वर गेली आणि अंकाच्या अगदी तळाशी थांबली. लांबचं त्यांना चष्म्याशिवाय नीट दिसायचं.

तिथे शेवटची ओळ होती: 'वर्कशॉप अटेंडंट श्री. रामजी शिगवण या महिनाअखेर निवृत्त होत आहेत.'

मुलगी ती ओळ न वाचताच वळली.

"संपलं?" मामांनी विचारलं.

"हो, संपलं."

मामा त्या ओळीकडे बघत होते. ओठ किंचित हलले, अक्षर जुळवताना हलायचे तसे. मग त्यांनी मान फिरवली.

"बरं," ते म्हणाले आणि चहाचे कप गोळा करायला लागले.